पन्नास मजल्यांचे पाताळ

दिवाळी अंकातल्या प्रवासवर्णनाचे काही नियम ठरून गेलेले आहेत. लेखकाने विमानतळावर निदान एकदा तरी घाबरावे, परमुलखात वरणभाताच्या आठवणीने व्याकूळ व्हावे आणि शेवटी 'आपला गाव तो आपला गाव' असे म्हणत सुखरूप घरी परतावे. मी ज्या मुलखाची हकिकत सांगणार आहे तिथे जायला तिकीट लागत नाही, पासपोर्ट लागत नाही, स्वेटरही लागत नाही. मात्र तिथून परत येणाऱ्या प्रवाशांची संख्या फारच थोडी आहे.

हा मुलूख जमिनीखाली आहे. त्याचे नाव नेटहॅक. कॉम्प्युटरवर खेळायचा हा एक खेळ १९८७ साली प्रथम बाहेर पडला आणि हौशी मंडळींनी पदरमोड करून तो आजतागायत सांभाळला आहे. विकत घ्यावा लागत नाही. त्यात पन्नासच्या आगेमागे मजले आहेत, आणि ते सगळे खाली खाली जाणारे. अगदी तळाशी 'यँडोरचा ताईत' आहे. तो घ्यायचा आणि सगळे मजले पुन्हा चढून वर यायचे, एवढाच या यात्रेचा संकल्प.

आता मी या वाटेला कशी लागले ते सांगते. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि जवळजवळ तितकीच वर्षे ह्यांच्याबरोबर सह्याद्रीतले गड चढले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचे फोटो उजेडात धरले आणि दोनच शब्द उच्चारले, "पायऱ्या टाळा." त्या संध्याकाळी मी कोणाशी फारसे बोलले नाही. पुढच्या रविवारी भाचा आला. "मावशी, तुला पायऱ्या हव्यात ना? मग या घे," असे म्हणून त्याने हा खेळ कॉम्प्युटरवर चढवून दिला. हे पेपरातून डोके वर काढून म्हणाले, "गड सुटले तर भुयारात शिरलीस!"

पडद्यावर पाहाल तर नयनमनोहर असे काही नाही. काळी पाटी आणि तिच्यावर अक्षरे. ई-मेलच्या पत्त्यात असते ते ॲटचे चिन्ह म्हणजे आपण. टिंबे म्हणजे जमीन, आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती. लहान लिपीतला 'डी' म्हणजे कुत्रा किंवा कोल्हा, मोठ्या लिपीतला 'डी' म्हणजे ड्रॅगन. लिपीच्या या एवढ्याशा फरकावर प्राण अवलंबून असतात! सुरुवातीला आपण कोण ते निवडायचे. वीर, चेटकी, सामुराई, धन्वंतरी असे बरेच पर्याय असतात. मी इतिहासाची बाई, तेव्हा पुरातत्त्वज्ञ झाले. हातात चाबूक, पाठीला कुदळ आणि पायाशी एक कुत्र्याचे पिल्लू. त्याचे नाव मी मोत्या ठेवले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इथे जीव एकच. मेलात की तुमची नोंद पुसली जाते आणि पुढच्या खेपेस पाताळाची मांडणीच नवी होते. पहिल्या प्रवासाचा नकाशा दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते फक्त तिथल्या रीतिभातींचे ज्ञान. म्हणून मी इथे देखाव्यांचे वर्णन थोडक्यात उरकणार आहे आणि रीतिभातींविषयी, म्हणजे तिथले राक्षस कोणत्या हिशेबाने अंगावर येतात त्याविषयी, जरा विस्ताराने लिहिणार आहे.

या हिशेबात एक शब्द पहिल्यांदा फार घोटाळा करतो. इंग्रजीत त्याला 'लेव्हल' म्हणतात. आपण ज्या मजल्यावर आहोत ती लेव्हल, आपला अनुभव जितका वाढला ती लेव्हल, आणि समोरच्या राक्षसाची ताकद तीही लेव्हलच. हा गोंधळ जुना आहे. अशा सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला. तो फाशांवर आणि कागदावर खेळायचा. आपण किती खोल आहोत ते पाहून फासा टाकायचा आणि कोष्टकात पाहून कोणत्या तोडीचा राक्षस येणार ते ठरवायचे, अशी त्यात सोय होती. पुढे १९७८ साली निघालेल्या खेळाडूंच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी स्वतःच लिहून ठेवले की, या वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळी नावे द्यायचा आधी विचार होता. पण अखेर एकच शब्द सगळीकडे राहिला. मराठीत ही अडचण आपण का सोसावी? मी माझ्यापुरती वाटणी करून टाकली आहे. जमिनीखालचा तो मजला, माझी ती इयत्ता आणि राक्षसाची ती पायरी. शाळेत जन्म गेल्यावर दुसरे काय सुचणार!

कोष्टकावरून कॉम्प्युटरवर येताना या कल्पनेत एक महत्त्वाचा बदल झाला. १९८० च्या सुमारास सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. त्यात सव्वीस अक्षरांचे सव्वीस राक्षस एका रांगेत उभे केलेले असत. तुम्ही जसजसे खाली जाल तसतशी त्या रांगेवरची खिडकी पुढे सरके. अगदी शेवटी ड्रॅगन. तिथे फक्त खोलीचा विचार होता. तुम्ही कच्चे आहात की मुरलेले, हे कोणी विचारीत नसे. 'रोग'वरून १९८२ साली जे फेनलेसन याने 'हॅक' केला आणि 'हॅक'वरून नेटहॅक झाला. नेटहॅकच्या पाताळाने मात्र प्रवाशाकडेही पाहायला सुरुवात केली.

कसे, ते पाहा. प्रत्येक जातीच्या राक्षसाला दोन आकडे दिलेले आहेत. एक त्याची मूळ पायरी आणि दुसरा धोक्याचा आकडा. वेग, विष, जादू यांचा विचार करून हा दुसरा आकडा पायरीपेक्षा सहसा थोडा चढा ठेवलेला असतो. आता तुमचा मजला आणि तुमची इयत्ता यांची बेरीज करा आणि तिला दोनाने भागा. जे उत्तर येईल त्याहून जास्त धोक्याचा राक्षस सहजगत्या तुमच्या वाट्याला येणार नाही. आणि मजल्याला सहाने भागा. त्याहून कमी धोक्याचाही येणार नाही. अपूर्णांक सोडून द्यायचे. झाला हिशेब!

पहिला मजला, पहिली इयत्ता. एक अधिक एक दोन, भागिले दोन एक. म्हणून पहिल्या मजल्यावर तुमच्या स्वागताला पाणसरडा, घूस, कोल्हा असले गरीब प्राणी येतात. कोल्हे कळपाने हिंडतात. पण तुमची इयत्ता तिसरीच्या आत असेल तर कळपाचा चौथा हिस्साच पुढे येतो आणि पाचवीच्या आत असेल तर निम्मा. नव्या पोरीला पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाने घेरू नये, एवढी माणुसकी पाताळातही आहे.

पुढे बाराव्या मजल्यावर आठव्या इयत्तेचा प्रवासी असला तर वरची मर्यादा दहा आणि खालची दोन. पाणसरड्याचा आकडा एक, म्हणून बाराव्या मजल्यापासून तो नव्याने येईनासा होतो. हे गणित मी ह्यांना समजावून सांगितले. हे आयुष्यभर बँकेत होते. म्हणाले, "म्हणजे उत्पन्न वाढले की कराचा दर वाढतो, तसेच की!" तसेच आहे खरे. तिसऱ्याच मजल्यावर मुक्काम ठोकून कोणी तेरावी इयत्ता गाठली तरी मर्यादा आठावर जाते. वरच्या मजल्यावर बसून बलवान व्हायचे आणि मग निर्धास्त खाली उतरायचे, ही चलाखी पाताळाला ठाऊक आहे. नुसते बसूनही भागत नाही. प्रत्येक खेळीला सत्तरात एक या प्रमाणात कोणीतरी नवा पाहुणा त्या मजल्यावर उगवतच असतो.

उलट बाजूही तितकीच गमतीची आहे. पहिल्या इयत्तेतला प्रवासी धावत अकराव्या मजल्यावर गेला तर मर्यादा सहाच येते. म्हणजे खोलीला अर्धेच मत आहे. उरलेले अर्धे तुमच्या कच्चेपणाला. पण सहा आकड्याचा राक्षसही पहिल्या इयत्तेच्या पोराला पुरून उरतो, हे सांगायला नकोच. शिवाय हा नियम सहज येणाऱ्यांपुरता. राजाच्या दरबारातले, छावणीतले, बेटावर मुद्दाम आणून बसवलेले जे असतात, त्यांना हा हिशेब लागू नाही.

पायरीने नेमके होते काय? तीन गोष्टी होतात. पहिली जिवाची. जेवढी पायरी तेवढे आठ बाजूंचे फासे टाकायचे आणि बेरीज येईल तितका जीव. शून्य पायरीवाल्याला मात्र चार बाजूंचा एकच फासा. दुसरी नेमाची. दहा, राक्षसाची पायरी आणि तुमच्या चिलखताचा आकडा यांची बेरीज वीस बाजूंच्या फाशापेक्षा जास्त आली की घाव लागला. चिलखताचा आकडा इथे उलटा चालतो, जितका कमी तितका चांगला. तो शून्यावर आणलात तर शून्य पायरीच्या प्राण्याचे वीसांत नऊ घाव लागतील. दहाव्या पायरीवाल्याचे एकोणीस. तिसरी गोष्ट तुमच्या फायद्याची. राक्षस मारला की त्याच्या पायरीचा वर्ग अधिक एक, इतके गुण मिळतात, आणि विष, वेग वगैरेंचे निराळे. पाणसरड्याचा एक गुण. दुसऱ्या इयत्तेत जायला वीस गुण लागतात, तिसरीत जायला चाळीस, चौथीत ऐंशी. पुढे बरेच दिवस दुप्पट दुप्पट. आमच्या शाळेत अशी पद्धत असती तर मुले दहावीला आजोबा होऊन बसली असती.

तिसऱ्या मजल्यावर मला एक आडवाट लागली. ती खाणींकडे जाते. तिथे नोम नावाचे बुटके लोक आणि त्यांचे दाढीवाले दणकट भाऊबंद ड्वार्फ राहतात. ड्वार्फाची पायरी अवघी दोन. पण त्याच्या हातात कधीकधी दोन्ही हातांनी चालवायची मोठी कुदळ असते आणि तिचा एक घाव पुष्कळ जीव घेतो. हातात काय आहे ते पायरी सांगत नाही, हा पहिला धडा. खाणीत खाली एक लहानसे गाव लागते. दुकाने, देऊळ, पहारेकरी असे सगळे आहे. देवळातला पुजारी दान घेऊन अंगाला कवच देतो आणि त्याचा दरही इयत्तेवर: इयत्तेला चारशेने गुणायचे. गरिबाला स्वस्त, मुरलेल्याला महाग. ह्यांना हा पुजारी फार आवडला.

खाणीतून परतून पुन्हा मुख्य वाटेला लागले. डेल्फीची भविष्यवादिनी कारंजी आणि नराश्वांचे पुतळे यांच्यामध्ये बसते, पैसे घेऊन भविष्य सांगते. तिचे दर्शन घेतले आणि खाली निघाले. तोवर मोत्या वाढला होता. हा या मुलखाचा आणखी एक विशेष. प्राणी लढून लढून मोठे होतात. पिल्लू दोन पायरीचे, कुत्रा चार, मोठा कुत्रा सहा. नोमाचा सरदार होतो, सरदाराचा राजा. बढती सगळ्यांनाच आहे, वशिला कोणालाच नाही. आणि मोत्याला पायऱ्यांचे ज्ञान माझ्याहून चांगले होते. आपल्यापेक्षा दोन किंवा अधिक पायऱ्या वर असलेल्यावर तो तोंडच टाकत नसे. तो मागे सरला की मीही थांबत असे.

एकदा एका खोलीत मला तरंगता डोळा दिसला. पायरी दोन, वेग एक, कोणावर हल्ला करीत नाही. नवखा माणूस म्हणतो, हे तर आयते गुण! पण त्याच्या दृष्टीस दृष्ट देऊन त्याला हातातल्या हत्याराने मारले की मारणारा जागच्या जागी खिळतो आणि मग येईल तो कोल्हा त्याला निवांत खातो. कोंबड्याच्या तोंडाची आणि सापाच्या शेपटीची कॉकट्राइस पाचच पायरीची, चालते सावकाश. पण तिला नुसत्या हाताने स्पर्श केला की माणसाचा दगड होतो. पायरी म्हणजे किती मारेल आणि किती सोसेल एवढेच. काय करू शकेल ते वेगळे. धोक्याच्या आकड्यात त्याचा थोडा विचार असतो. पूर्ण कधीच नसतो.

नवव्या मजल्यावर सैनिक मुंग्या आल्या. मूळ पायरी तीन, पण वेग अठरा. साध्या माणसाचा वेग बारा. म्हणजे त्याच्या दोन खेळींत तिच्या तीन, आणि दर खेळीला एक चावा आणि एक विषारी नांगी. शिवाय खोल मजल्यावर मूळ पायरीही वाढते. मजला मूळ पायरीहून जितका जास्त, त्यात दर पाचाला एक पायरी. तुमची इयत्ता जितकी जास्त, त्यात दर चाराला एक. मूळ पायरीच्या दीडपटीपलीकडे मात्र जायचे नाही. मी सातवीत होते. नऊ वजा तीन सहा, त्याची एक; सात वजा तीन चार, त्याची एक. हिशेबाने पाच, पण तीनाची दीडपट साडेचार, म्हणून चार. अशा तिघी. मी दाराच्या चौकटीत उभी राहून एकीला थोपवले. मोत्या दाराच्या पलीकडे होता. मुंगी त्याच्याहून खालच्या पायरीची, तेव्हा तो मागे सरला नाही. पडद्यावर एक ओळ आली. क्षणभर उदास वाटले आणि मग ते ओसरले, अशा अर्थाची. दिसत नसलेला सोबती गेला की हा खेळ एवढेच कळवतो. मी कॉम्प्युटर बंद केला. ह्यांनी विचारले, "काय झाले?" मी म्हटले, "मोत्या गेला." ह्यांनी काही विनोद केला नाही. चहा करून आणला.

त्या रात्री मला कोकणकडा आठवला. हरिश्चंद्रगडाच्या त्या कड्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा वीस वर्षांची होते आणि शेवटची गेले तेव्हा साठीची. कडा तोच, वारा तोच. माझ्या वयाची आणि त्याच्या उंचीची सरासरी काढून त्याने पायवाट सोपी केली नाही. गडाला सरासरी माहीत नाही. पाताळात इयत्ता चढतच जाते. ती उतरवायची तर व्हँपायर किंवा रेथ नावाचे पिशाच यावे लागते. त्यांचा स्पर्श झाला की एक इयत्ता जाऊ शकते, आणि पहिलीत असताना गेली तर प्राणच गेला. इथे वर, उजेडात, ते पिशाच न बोलावता दर वाढदिवसाला येते. फरक एवढाच. आणि तरीही दोन्हीकडे उपयोगी पडते ती एकच गोष्ट: कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही हे ठाऊक असणे. अंगातले बळ गेले तरी ते ज्ञान कोणी पिशाच नेत नाही.

मोत्यानंतर मी एकटीच उतरत राहिले. अकरा ते सोळा या मजल्यांत कुठेतरी एक गुप्त दार आहे. त्यातून आपल्या गुरूकडे जाता येते. तो काम सांगतो, पण इयत्ता चौदावीच्या खाली असेल तर सरळ परत पाठवतो. मलाही पाठवले. सतराव्यावर ट्रोल भेटला. मूळ पायरी सात, पण मी अकरावीत पोचल्याने तो दहाचा होऊन आला, आणि मारला तरी थोड्या वेळाने पुन्हा उठून बसला. मी त्याची वाट पाहत थांबले नाही.

भाच्याने परवा मला तळाचा एक नियम सांगितला. तो ऐकल्यापासून मनात घोळतो आहे. ताईत हाती आला की पाताळ तुमचा चालू मजला विचारातच घेत नाही. तुम्ही जास्तीत जास्त जिथवर खोल गेलात तोच आकडा धरते. पन्नासाव्याहून ताईत घेऊन चौदावीचा प्रवासी पहिल्या मजल्यावर आला तरी हिशेब पन्नास अधिक चौदा, भागिले दोन, बत्तीस. आणि खालची मर्यादा आठ. म्हणजे जिथून प्रवास सुरू केला त्या ओळखीच्या खोल्यांत आता पाणसरडा येत नाही, कोल्हा येत नाही. येतात ते तळाशी शोभणारेच. मजला बदललेला नसतो. जाऊन आलेला माणूस बदललेला असतो.

सध्या मी बाविसाव्या मजल्यावर आहे, बारावीत. समोर पाणी आहे आणि पलीकडच्या बेटावर मेडुसा बसली आहे. तिची पायरी वीस. तिच्याशी नजरानजर झाली की दगड. तिथे सरासरी नाही, चौथा हिस्सा नाही. ती मुद्दाम बसवलेली आहे. माझ्याजवळ हवेत तरंगवणारी एक अंगठी आहे आणि एक आरसा. आरसा तिच्यासमोर धरायचा म्हणजे तिची नजर तिलाच लागते. आरसा कोणाची पायरी विचारीत नाही. भाचा म्हणतो, "मावशी, आणखी दोन इयत्ता वाढव, मग जा." पण वाढवायला थांबावे तर सत्तरात एक पाहुणा येतच राहणार, आणि तोही माझ्या वाढलेल्या इयत्तेला साजेसा.

लक्ष्मीपूजन आटोपले की पाणी ओलांडायचे ठरवले आहे. ह्यांनी त्या दिवशी शेजारी बसायचे कबूल केले आहे.